पत्र्यावरच्या दोन थापा

बसच्या पत्र्यावर मागून एक थाप पडली की थांबायचं. दोन पडल्या की निघायचं. तीन पडल्या तर माणूस खाली राहिलाय असं समजायचं. घंटीची दोरी तुटलेली असते, बटण बिघडलेलं असतं आणि तक्रार केली की साहेब म्हणतो, बघू. म्हणून ही भाषा. मी उभा जन्म बस चालवली ती या भाषेवर. मागच्या माणसाने दोन थापा मारल्या की माझा पाय क्लचवरून आपोआप सुटतो. त्यात विचार नसतो, विश्वास असतो.

निवृत्त झाल्यावर डेपोने भंगारात काढलेली एक छोटी बस मी घरी आणली. तिच्या पोटातल्या सीटा उपटल्या आणि झोपायला चार फळ्या ठोकल्या, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, एकीवर एक. प्रत्येकीला पडदा. शेगडी बसवली, पाण्याची टाकी बसवली, हात धुवायला बेसिन. ड्रायव्हरच्या पाठीमागे आडवा पत्रा होताच. त्यातल्या खिडकीसमोर मी भांड्यांचं कपाट उभं केलं. मुलगी म्हणाली, बाबा, आता तुम्हाला मागचं काही दिसणार नाही. मी म्हटलं, दिसायचंय कशाला, थापा आहेत की.

लोक अशा गाडीला मोटरहोम म्हणतात. आम्ही खटारा म्हणायचो. आम्ही म्हणजे तिघं: मी, कंपाउंडर आणि धाकटा.

कंपाउंडरने आयुष्यभर दवाखान्यात पुड्या बांधल्या. गोळ्या मोजताना बोलायला बंदी होती म्हणून की काय, निवृत्तीनंतर त्याची जीभ सुटली ती सुटलीच. धाकटा साठीला टेकला होता. बुटका, पोट सुटलेलं, टक्कल पडलं होतं, उजवा गुडघा धरायचा, जिना चढताना कठडा लागायचा. तरी सगळी गल्ली त्याला धाकटाच म्हणायची, कारण त्याला एक थोरला होता.

थोरला लष्कराच्या मालवाहू विमानावर होता. वैमानिक नव्हे. विमानाच्या पोटात बसून पेट्या बांधायच्या आणि सोडायच्या, ते काम. त्यांचे वडील आमच्याच डेपोत मेकॅनिक. त्यामुळे थोरला पोरवयात बसच्या मागच्या दाराला लटकून पत्रा वाजवायचा. डेपोतला एक पितळी नट कानशीने घासून त्याने त्याची अंगठी केली होती. थाप पडली की तळव्याच्या आवाजात तिचा बारीक टक् असा आवाज मिसळायचा. सुट्टीवर आला की सांगायचा, तिथंही तेच रे बाबांनो, आतला फोन कधी धड चालत नाही. माल बांधून झाला की मी मधल्या पत्र्यावर दोन थापा मारतो आणि विमान निघतं.

एके दिवशी ते विमान निघालं आणि आलंच नाही. टोपी बगलेत धरून एक अधिकारी घरी आला आणि म्हणाला, बेपत्ता. मेला म्हणाला असता तर ती माणसं रडून मोकळी झाली असती. पण नाही. मेला म्हणायला प्रेत दाखवावं लागतं, बेपत्ता म्हणायला काहीच लागत नाही. ज्याने हा शब्द शोधून काढला त्याच्या आईने कधी दाराकडे तोंड करून जेवण केलं नसणार.

त्या घराला दोन खोल्या. आतल्या खोलीत थोरल्याची खाट. रोज सकाळी चादर झटकून परत घातलेली, उशाला पाण्याचा तांब्या. दोन खोल्यांच्या मधे पत्र्याची भिंत, वडिलांनी डेपोतल्या जुन्या पत्र्याची घातलेली. धाकटा बाहेरच्या खोलीत, दाराच्या वाटेत, वळकटी पसरून झोपायचा. विशीत तिथे, चाळिशीत तिथे, साठीतही तिथेच. त्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलीकडच्यांनी विचारलं, आतली खोली कुणाची? त्याची आई म्हणाली, मोठ्याची, तो येईल ना. झालं. उठून गेले ते लोक. मी त्यांना नावं ठेवत नाही.

यंदा पेपरात आलं की लष्करी विमानांच्या संग्रहालयात तसल्याच जातीचं एक विमान आतून बघायला खुलं केलंय. धाकटा ते कात्रण खिशात घालून माझ्याकडे आला.

“तेच विमान?” मी विचारलं.

“तेच कसं असेल? ते गेलं. त्याच्या जातीचं आहे.”

“मग बघायचं काय त्यात?”

“दादा बसायचा ती जागा. एकदा बसून येतो. मग आईला सांगतो, बाई, मी तिथे बसून आलो, तिथे कुणी नाही, आता ती खाट मोड.” मग खाली बघत म्हणाला, “ड्रायव्हर, मरायच्या आधी मला एकदा आतल्या खोलीत झोपायचंय रे. दार लावून.”

मी खटाऱ्याचं ऑइल बदलायला घेतलं.

निघायच्या सकाळी त्याला घ्यायला गेलो तर म्हातारी दारात उभी. नव्वदीची, वाकलेली, पण नजर अशी की वाटावं आपल्या मागे कोण उभं आहे ते बघतेय. कुणीही कुठेही निघालं की ती एकच वाक्य बोलायची. भाजी आणायला निघालेल्या शेजारणीलासुद्धा.

“येताना त्याला घेऊन या.”

कंपाउंडर म्हणाला, “आणतो की काकू. आणि ह्याला?”

“ह्याचं काय,” म्हातारी म्हणाली, “हा येतोच.”

धाकटा हसला. त्याला हे हसू इतकं पाठ होतं की चेहरा हलायचासुद्धा नाही.

रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना कापून नेलेली शेतं. धाकट्याने उजवीकडची वरची फळी निवडली. गुडघ्यामुळे त्याला चढायला त्रास व्हायचा, तरी हट्टाने वरचीच. पहिल्या मुक्कामाला आम्ही शेगडीवर अंडी तळली, पाव भाजला, आणि तो जेवण झाल्या झाल्या वर जाऊन पडदा ओढून बसला.

“काय करतोस रे आत?” कंपाउंडर ओरडला.

“काही नाही. पडदा लावून बसलोय.”

“अंडी घालतोयस का?”

“घातली तर तुला तळायला देतो.”

मग बराच वेळ पडद्याच्या कड्यांचा आवाज येत राहिला. उघडायचा, लावायचा. कंपाउंडर सहसा असली संधी सोडत नाही. त्या दिवशी त्याने सोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर संग्रहालयात पोचलो. जुनं विमानतळ होतं ते, धावपट्टीच्या भेगांतून गवत आलेलं. मोठ्या शेडमधे लढाऊ विमानं ओळीने उभी, नवऱ्या मुलासारखी पुसून-चमकवून. फरशीला मेणाचा वास. प्रत्येकासमोर जाड दोरी आणि पाटी: किती उडालं, किती वेगाने, किती बाँब घेऊन. खाली कोण मेलं त्याची पाटी कुठेच नाही. दुकानात बाँबच्या आकाराच्या मीठदाण्या विकायला. एक बाप आपल्या पोरीला मशीनगनवर बसवून फोटो काढत होता. मला थुंकावंसं वाटलं, पण फरशी इतकी स्वच्छ होती की तेही जमेना.

मालवाहू विमान बाहेर अंगणात होतं, शेवटी, एकटं. ते कुणी पुसलेलं नव्हतं. शेपटीकडून शिडी लावली होती. शिडीशी गाईडबाई उभी होती, पंचविशीची, गळ्यात शिट्टी आणि कमरेला किल्ल्या.

“काका, आत वाकून जा. कशाला हात लावू नका. पुढची केबिन बंद आहे, तिकडे जायचं नाही.”

“का? पायलट झोपलाय का?” कंपाउंडरने विचारलं.

“आत काही नाहीच, काका. यंत्रं, खुर्च्या, सगळं काढून नेलंय. दार वेल्डिंग करून टाकलंय.”

आत लांबट पोट होतं, बसपेक्षा रुंद. दोन्ही भिंतींना कापडी पट्ट्यांचे बाक. छताच्या दांडीला धरायचे पट्टे लोंबत होते, बसमधे असतात तसेच, रांगेने. तेलाचा वास होता. जुन्या तेलाचा नव्हे. जुनं तेल आंबतं, त्याला खवट वास येतो, मी त्याच्यात जन्म काढलाय. हा ताजा होता. मी गाईडबाईला विचारलं, याला तेलपाणी करता का कधी? ती म्हणाली, इंजिनच नाही तर तेल कुठे घालणार.

अगदी पुढे, मधल्या पत्र्याला लागून, एक सुटी बैठक होती. तिच्या कमरपट्ट्याचं कुलूप उघडं, गंजून लाल झालेलं. धाकट्याने ते हलवून बघितलं. हललं नाही.

“बसू का, ताई?” त्याने विचारलं.

बाईने इकडेतिकडे बघितलं. “बसा, काका. पटकन.”

तो बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. पाय जुळवले, हात गुडघ्यांवर. फोटो काढायला बसवलेल्या मुलासारखा. त्याच्या उजव्या हाताशी मधल्या पत्र्यावर एक पोचा होता. मी बसच्या बॉडीवर पडलेले हजार पोचे बघितलेत. हातोड्याचा पोचा खोल असतो, धडकेचा वेडावाकडा. हा उथळ होता, गुळगुळीत, रंग उडून आतला धातू तुळतुळीत झालेला. तळहाताने झालेला. आणि त्याच्या एका कडेला बारीक, गोल खुणा होत्या, एकावर एक, दाट.

धाकट्याने त्या खुणांवरून बोट फिरवलं. मग हात सपाट करून पोच्यात ठेवला. पोचा मोठा होता, त्याचा हात लहान.

त्याने दोन थापा मारल्या.

“काका, हात लावू नका म्हटलं ना,” बाई म्हणाली.

काही झालं नाही. होणार तरी काय? मग, कुणी खेळ संपवताना करावं तसं सहज, धाकट्याने तीन थापा मारल्या. माणूस राहिलाय.

पत्र्याच्या पलीकडून एक थाप आली.

एकच. थांबलोय.

कंपाउंडर हसला. “आहे की पायलट!” मग त्याने बाईच्या तोंडाकडे बघितलं आणि हसायचा थांबला. ती शिडीकडे सरकली होती.

“पत्रा तापतो दिवसभर,” ती म्हणाली. “संध्याकाळी वाजतो.”

ते खरंही असेल. पत्रा वाजतो, मला माहीत आहे. मी खाली उतरून विमानाच्या तोंडाशी गेलो, चाकावर चढलो आणि काचेतून आत डोकावलो. आत उघड्या तारा, पाखरांनी आणलेल्या काड्या आणि धूळ. धुळीवर एक रेघसुद्धा नव्हती.

परत आलो तेव्हा धाकटा शिडीवरून उतरत होता. कठडा न धरता.

“झालं समाधान?” मी विचारलं.

“हो,” तो म्हणाला. त्याचा चेहरा मी इतका मोकळा कधी बघितला नव्हता. “चला आता. आईला सांगायचंय.”

“काय सांगणार?”

“की संपलं.”

खटारा फाटकाबाहेर उभा होता. बंद करायची वेळ झाली होती, गाड्या निघत होत्या, ऊन तिरकं होऊन गवतावर आलं होतं. कंपाउंडर खालच्या फळीवर भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. चढउतार करून त्याची कंबर धरली होती. मी पुढे चढणार इतक्यात धाकटा टाळूवर हात फिरवत म्हणाला, “टोपी राहिली रे. त्या बैठकीवर.”

“राहू दे. दुसरी घे.”

“आलोच. बाई अजून तिथेच आहे.”

लंगडत गेला तो. मी सीटवर बसून काच पुसली, पाणी प्यायलो. कानाला सगळे ओळखीचे आवाज आले: मागच्या पायरीवर पाऊल, दार ओढल्याचा आवाज, कडी. मग पत्र्यावर दोन थापा. दणदणीत.

कानाला काहीतरी टोचलं. थापांच्या आत कसला तरी बारीक आवाज होता. पण पाय तोवर क्लचवरून सुटला होता.

मी निघालो.

उजेड होता अजून. रस्ता मोकळा होता. जिथे आमच्या गावाकडचा रस्ता फुटतो त्या फाट्याच्या अलीकडे मागून एक थाप पडली. मी गाडी कडेला घेतली. मागचं दार उघडल्याचं ऐकू आलं. असेल कुणाला तरी मोकळं व्हायचं म्हणून मी बसून राहिलो. बराच वेळ झाला, दुसरी थाप येईना, म्हणून उतरून मागे गेलो.

दार सताड उघडं. कंपाउंडर फळीवर उठून बसला होता.

“थांबवलंस कशाला?” मी विचारलं.

“मी कुठे? धाकट्याने थांबवली. उतरला आत्ता.”

“काही बोलला?”

“तिथून निघताना मी विचारलं, सापडली का टोपी, तर हं म्हणाला. वर चढला, पडदा लावला. मला वाटलं झोपला.” त्याने वरच्या फळीकडे बघितलं. “ड्रायव्हर, तो एका झेपेत चढला रे.”

“म्हणजे?”

“म्हणजे त्याचा गुडघा.”

आम्ही हाका मारल्या. दोन्ही बाजूंना कापलेलं शेत, ससा लपायला जागा नाही. मी मोबाइल लावला. धाकट्याच्या पिशवीत वाजला, त्याच्या फळीच्या पायथ्याशी. मी पडदा सरकवला. घोंगडी घडी करून ठेवलेली होती. धाकटा आयुष्यभर वळकटी गुंडाळत आलेला माणूस, त्याला घडी जमायची नाही. ही घडी चौकोनी होती, कडेला कड लावलेली, फूटपट्टी ठेवून केल्यासारखी. मी हात लावला. गरम होती.

मी गाडी वळवली. कंपाउंडर मागे बसेना. पुढे माझ्या पायाशी, इंजिनच्या झाकणावर बसला.

गाईडबाई फाटकाला कुलूप घालत होती. आम्हाला बघून तिला आश्चर्य वाटलं.

“आमचा माणूस आतच राहिलाय,” मी म्हणालो. “टोपी आणायला आला होता तो.”

“नाही काका, ते बाहेर पडले ना. मीच फाटक उघडलं. तुमच्याच गाडीत चढले.”

“तू बघितलंस?”

“हो. उंच आहेत ना ते? तुमच्यातले तरुण.” ती बोलता बोलता हळू झाली. “मला वाटलं, तुमचा मुलगा असेल.”

कंपाउंडरने माझी बाही धरली. साठ वर्षांचा माणूस, पोरासारखी.

बाईने कुलूप काढलं. अंगणात अजून उजेड होता, विमानाची सावली भिंतीपर्यंत लांबलेली. ती शिडीशी थांबली. आम्ही दोघं वर गेलो.

पुढच्या बैठकीवर टोपी होती.

कमरपट्टा बांधलेला होता. कुलूप लागलेलं. त्यावरचा गंज अखंड होता, कधी उघडलंच नसावं असा. पट्टा बैठकीला चिकटून आवळलेला नव्हता. मधे जागा होती. एका बुटक्या, पोट सुटलेल्या माणसाइतकी.

मी धाकट्याचं नाव घेतलं. खरं नाव. कित्येक वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

काही नाही.

मी हात पत्र्यावर ठेवला आणि तीन थापा मारल्या. माणूस राहिलाय.

आम्ही थांबलो. पत्रा गार होता.

मग दोन थापा आल्या. पलीकडून नाही. याच बाजूने, माझ्या हाताच्या शेजारी, त्या पोच्यात. हलक्या, लहान हाताच्या. पत्रा दबताना मी बघितला.

छताचे पट्टे हलले.

वारा नव्हता. वाऱ्याने ते इकडेतिकडे हलले असते. ते सगळे एकदम, सारखेच, शेपटीच्या बाजूला झुकले. बस जागेवरून सुटते तेव्हा पट्टे असे मागे झुकतात. मी हे आयुष्यभर आरशात बघितलंय.

“उतर,” कंपाउंडर म्हणाला. “ड्रायव्हर, उतर. उतर.”

आम्ही शिडीवरून खाली आलो. मी वळून बघितलं.

पट्टे अजून झुकलेलेच होते.

पोलीस आले, त्यांनी विमान बघितलं, शेत बघितलं, आमची तोंडं हुंगली. कमरपट्टा त्यांनी कापला. कुलूप काही उघडलं नाही. छताचे पट्टे तोवर सरळ लोंबत होते, आणि बाई म्हणाली की तिने काही बघितलं नाही. मी तिला दोष देत नाही, तिला तिथे रोज जायचंय. साहेब म्हणाला, मोठा माणूस आहे, घरी काही कटकट होती का? मी म्हटलं, होती. मग गेला असेल कुठे तरी, म्हणाला. आणि त्याने पेन काढून लिहिलं. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. बेपत्ता.

कुणी मला आवरेपर्यंत मी साहेबाची कॉलर धरली होती. त्याने काय होतं? काही होत नाही. कंपाउंडरने हातापाया पडून मला सोडवलं.

घरी परतताना मनात एकच गोष्ट घोळत होती, म्हातारीला काय सांगायचं. हा येतोच, असं म्हणाली होती. आता तिला दुसरा मुलगाही बेपत्ता झाला हे मी सांगायचं. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य त्या टोपीवाल्या अधिकाऱ्यासारखं निघत होतं. कंपाउंडर गल्लीच्या तोंडाशी उतरला. म्हणाला, मला जमणार नाही. मी टोपी घेऊन एकटा गेलो.

दार उघडं होतं. खोली झाडलेली, पडद्यांना इस्त्री केलेली. बूटपॉलिशचा वास येत होता. त्या घरात बूट घालणारं कुणी नव्हतं. धाकटा चपला वापरायचा. टेबलावर दोन कप, एक रिकामा, एक अर्धा. आतल्या खोलीचं दार बंद होतं. ते दार बंद झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्याला आतून कडी होती, वापरात नसलेली. आता ती लागलेली असावी.

म्हातारी खुर्चीत बसली होती. दाराकडे पाठ करून.

“काकू,” मी म्हणालो.

“ये. हळू बोल. झोपलाय.”

माझ्या हातात टोपी होती. तिने ती बघितली. बघून नजर पुढे सरकवली, जशी आपण परक्याच्या सामानावरून सरकवतो.

“काकू, धाकटा...”

“आणलास हो बाबा तू,” ती म्हणाली. “सगळ्यांना सांगून दमले. तू आणलास.”

मग गुडघ्यांवर हात टेकून उठली, कोपऱ्यातून धाकट्याची वळकटी उचलली आणि माझ्यापुढे धरली. दोरीने बांधलेली होती, घट्ट, दुहेरी गाठ.

“ही तुझ्या गाडीत टाक. जाण्या-येण्याच्या वाटेत पायात येते. इथे आता कुणाला लागत नाही.”

मी घेतली. न घेऊन काय करणार होतो? मला विचारायचं होतं, काकू, तुम्हाला मुलं किती? पण म्हातारीच्या तोंडावरचं सुख बघून मी वळकटी काखेत मारली. असलं सुख मी कुणाच्या तोंडावर बघितलं नाही, आणि पुन्हा बघायचं नाही.

मधल्या पत्र्याच्या भिंतीवर, आतून, दोन थापा पडल्या. जड हाताच्या. प्रत्येक थापेत एक बारीक टक्.

माझा पाय दाराकडे वळला.